सात नंबरचं झाड

दत्ताराम घडशीची क्लॅरनेट थांबली ती नेमकी मारुतीच्या देवळासमोर. सकाळचे दहा वाजले होते. नवरदेव घोड्यावर, मागे नटलेल्या बायका, पुढे बँड, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छायातुतीची गर्द झाडं. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, म्हणजे तळेपूर शहरात लग्नसराई ऐन भरात. सूर वर चढला आणि चढता चढता तुटला. लोकांना वाटलं, दम घेतोय. दम तर तो घेतच होता, पण छातीत हवा जाईना. तो रस्त्याच्या कडेला बसला, ओठ निळे पडले, तेव्हा ताशेवाल्याने ताशा खाली टाकून रिक्षा थांबवली. नवरदेवाच्या मामाला मात्र एकच काळजी, आता पुढे वाजवणार कोण. माणसं अशीच असतात, काय बोलायचं.

प्रमिला हातावरची माती न धुताच इस्पितळात पोचली. ती दत्तारामची बायको, आणि महापालिकेच्या रोपवाटिकेची प्रमुख. सोळा वर्षांपूर्वी, २०२७ साली, तळेपूरचे रस्ते बोडके होते आणि उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसला टेकला होता. दोन महिन्यांत दोनशेच्या वर माणसं उन्हाने गेली, बहुतेक सगळी रस्त्यावर बसून पोट भरणारी. त्यानंतर नऊ हजार छायातुती लावून शहराला सावली दिली ती प्रमिलाने. तुतीची ही नवी जात तीन वर्षांत दुमजली इमारतीएवढी वाढायची. दत्तारामला त्याचं कोण कौतुक. बँडमध्ये नवा माणूस आला की तो आधी झाडांची ओळख करून द्यायचा. "ही सावली आमच्या घरची," म्हणायचा.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला सडेतोड.

"काका, सहा वर्षं जानेवारीअखेर त्रास सुरू होतो आणि एप्रिलमध्ये थांबतो. हा धुळीचा दमा नाही, परागकणांचा आहे. पुढच्या वर्षी याहून मोठा झटका येईल आणि तेव्हा रिक्षा वेळेवर पोचेलच असं नाही. या तीन महिन्यांत क्लॅरनेट बंद. खरं म्हणजे या तीन महिन्यांत हे शहरच बंद."

दत्ताराम कोकणातला, वयाच्या अकराव्या वर्षापासून फुंकर मारूनच जगलेला माणूस. तो म्हणाला, "वाजवायचं नाही तर करू काय? टाळ्या वाजवू?"

प्रमिलाने त्याचा हात धरला. त्याला हे कोणत्या झाडाने केलं ते शोधून काढायचं आणि त्या झाडाचा बंदोबस्त करायचा, हे तिने तिथेच ठरवलं.

शोधणं आता अवघड राहिलं नव्हतं. त्याच वर्षी महापालिकेने घरोघरच्या खिडक्यांबाहेर परागपेट्या बसवल्या होत्या. पेटी चपलांच्या खोक्याएवढी. ती हवा आत ओढते, हवेतले परागकण चिकटपट्टीवर धरते, ते फोडून आतला डीएनए वाचते आणि तासाभरात फोनवर सांगते, आज तुमच्या नाकात कोणत्या झाडाचा पराग किती गेला. नुसती जात नाही, नेमकं झाड. प्रत्येक झाडाचा डीएनए निराळा, आणि शहरातल्या प्रत्येक झाडाचं पान तोडून त्याची नोंद आधीच संगणकात करून ठेवलेली.

पराग माणसाचं वाकडं करायला निघालेला नसतोच. ज्या झाडांचं लग्न मधमाशी लावते त्यांचा पराग जड नि चिकट, तो फुलातून फुलात जातो. ज्यांचं लग्न वारा लावतो त्यांना असा नेमकेपणा जमत नाही. ती झाडं कोट्यवधी कण हवेत उधळतात, एखादा तरी पोचेल या आशेवर. उरलेले आपल्या नाकात. कण बिचारा निरुपद्रवी असतो, पण काही माणसांच्या शरीराचे पहारेकरी त्याला शत्रू समजून धावून जातात, आणि त्या हाणामारीत सुजते ती आपलीच श्वासनळी.

पेट्या सुरू झाल्या आणि आठ दिवसांत शहराला आरोपी सापडला. गांधी चौकातली पेटी म्हणाली, स्टेशन रोड, झाड क्रमांक सात. तळ्यापलीकडची पेटी म्हणाली, क्रमांक सात. घडश्यांच्या खिडकीतली पेटीही तेच म्हणाली. पोस्टासमोरचं सरळसोट, देखणं झाड. एकट्याने चार लाख लोकांच्या नाकात दम आणला, असं म्हणत माणसं पोस्टासमोर जमली. फार चौकशी कोण करतो? एका रविवारी सकाळी करवत चालली, झाड पडलं, लोकांनी पेढे वाटले.

सोमवारी पेट्यांचा आकडा एका कणानेही उतरला नव्हता. आणि झाड? क्रमांक सात.

दुपारी रेश्मा मुलाणी रोपवाटिकेत आली. ती महापालिकेची परागतज्ज्ञ, तिशीची, हुशार, आणि त्या दिवशी रडकुंडीला आलेली.

"मालक मेला तरी त्याच्या नावाने पत्रं येतायत, मॅडम. यंत्र तर तीनदा तपासलं. तुम्ही ही झाडं लावलीत, तुम्हाला काही सुचतं का?"

प्रमिला खुरपं हातात धरून उभी राहिली. तिला सुचलं होतं. ती बांधावर बसली.

"रेश्मा, तुझ्या संगणकाला एकच डीएनए दोन झाडांत सापडला तर तो काय करतो?"

"दुबार नोंद समजून दुसरी गाळतो. एकाच झाडाचं पान चुकून दोनदा आणलं असणार ना."

"मग त्याने आठ हजार नऊशे नव्व्याण्णव नोंदी गाळल्यात. सगळी झाडं सात नंबरच आहेत. मी केलीत."

मग तिने सगळं सांगितलं. सुरुवातीला स्टेशन रोडला बियांपासून केलेली चाळीस छायातुतीची झाडं लावली होती. त्यातल्या बावीस झाडांना फळं धरली. लाल, चिकट, रस्ताभर सडा. गाड्यांवर डाग, दुकानांच्या पायऱ्यांवर माश्या, तक्रारींवर तक्रारी. साहेब म्हणाले, स्वच्छ झाड द्या. प्रमिला चुन्याची बादली घेऊन फिरली, फळवाल्या बावीस झाडांवर तिने फुल्या मारल्या आणि ती तोडायला लावली. उरलेल्यांत सगळ्यात सरळ नि स्वच्छ होतं सात नंबर. त्याच्या फांदीवरचे डोळे, म्हणजे सालीसकट कोवळे कोंब, काढून तिने दुसऱ्या रोपांवर भरले. कलम ते. एका झाडाची नऊ हजार झाडं झाली. त्याबद्दल आदर्श कर्मचारी म्हणून शालही मिळाली.

"छायातुतीत नर वेगळा नि मादी वेगळी," प्रमिला म्हणाली. "मादीला फळं धरतात. नर स्वच्छ असतो, कारण तो फक्त पराग उधळतो. मी शहरभर नुसते नर लावले."

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"माझ्या बापाच्या जायफळाच्या बागेत मी आठव्या वर्षी नर ओळखायचे. दहा माद्यांना एक नर ठेवायचा, बाकीच्या नरांवर मादीचं कलम चढवायचं. पण तिथे फळ हवं असायचं गं. इथे फळच नको होतं. फळ नकोच असेल तिथे नर आहे का हे बघायला कोण जातो?"

रेश्माने विचारलं, "याची नोंद कुठे आहे?"

"कुठेच नाही. तू नि मी, बास."

*

घरी येऊन तिने दत्तारामला सांगितलं. आधी चहा करावा, मग सांगावं, असं ठरवून आली होती, पण दारातच सांगून बसली.

दत्ताराम पलंगावर उशांना टेकून बसला होता. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं माझ्या छातीत तूच ते भरत होतीस."

"हो."

"आणि मी गावभर मिरवत होतो."

तिने चपला काढल्या आणि चहाचं भांडं गॅसवर ठेवलं.

"तोडा मग," तो म्हणाला. "सगळीच्या सगळी. महापालिकेतले तुमचे सबनीस साहेब तयारच असतील. पुढच्या फेब्रुवारीत मी वाजवायला मोकळा."

प्रमिला येताना रस्ताभर हाच विचार करत आली होती. सगळी तोडली तर तिचा नवरा दहा महिन्यांत बरा होणार होता. इतकं सोपं होतं ते.

"तोडली की मे महिन्यात परत सत्तेचाळीस," ती म्हणाली. "स्टेशन रोडला भाजीवाल्या बसतात त्या त्या सावलीच्या जिवावर. मागच्या वेळी कोण कोण गेलं ते आपण दोघांनी पाहिलंय. मी झाडं तोडणार नाही, बदलणार. नराच्या फांद्या छाटून त्यांवर मादीचे डोळे भरणार. पण एकदम सगळी छाटली तरी सावली जाईल, म्हणून दर वर्षी प्रत्येक तिसरं झाड. तीन वर्षं लागतील."

"आणि तीन वर्षं मी काय करू?"

"जानेवारी ते एप्रिल गावाला राहा. तुमच्यासाठी गाव आहे. त्या बायकांना कुठलं गाव आहे?"

"म्हणजे परक्या बायांसाठी नवऱ्याला घराबाहेर काढतेस."

"घाण मी केलीय, मलाच निस्तरायला हवी."

दत्तारामने तोंड भिंतीकडे फिरवलं. चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच बॅग भरली, आणि एसटीत बसताना तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिला फार लागलं ते. पण ती स्टँडवरून थेट महापालिकेत गेली.

उपायुक्त सबनीस माणूस वाईट नव्हता, कावलेला होता. लोक रोज केबिनमध्ये घुसत होते. त्याने प्रमिलाचा लेखी जबाब वाचला आणि कागद उलटा करून ठेवला.

"बाई, हे सांगायची काय गरज होती? कुठे नोंद नाही, कोणी विचारलेलं नाही. रोपं बाहेरून आली होती म्हणू. सोमवारपासून सगळीकडे करवती लावतो, विषय संपला."

"सात नंबर तोडलंत तेव्हाही विषय संपला होता, साहेब. तेव्हा खरं ठाऊक नव्हतं म्हणून एक झाड फुकट गेलं. आता ठाऊक आहे."

"नऊ हजार झाडांवर कलम? माणसं किती लागतील, काही हिशोब?"

"वीस माणसं. एका झाडाच्या चार मुख्य फांद्या ठेवायच्या, चार डोळे भरायचे. दिवसाला शंभर झाडं. एक जानेवारीला सुरू केलं की फुलोऱ्याच्या आधी तीन हजार होतात."

"आणि मग फळं पडणार. गाड्या खराब झाल्या म्हणून तेच लोक परत माझ्याकडे येणार."

"नर जवळपास राहिलेच नाहीत तर फळं थोडी धरतील. जी धरतील ती झाडू. पराग झाडता येत नाही."

सबनीसने खिडकीबाहेर पाहिलं. तिथेही छायातुतीच होती. "चाळीस झाडांवर करून दाखवा," तो म्हणाला. "चाळीसपैकी तीस फुटली तर बोलू. आणि हा कागद मी दाखल करून घेतला तर तुमची चौकशी लागेल, ठाऊक आहे ना?"

"घ्या दाखल."

चाळीस झाडांना मादीचे डोळे आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. माद्या तिनेच तोडायला लावल्या होत्या. पण फळं पाखरांनी खाल्ली होती, आणि पाखरं काही महापालिकेला विचारून बी टाकत नाहीत. रेश्मा यंत्र घेऊन शहरभर हिंडायला निघाली. प्रमिलाने तिला थांबवलं आणि तक्रारींचं जुनं बाड उघडलं. कुठेतरी मादी असेल तर खाली फळं पडत असतील, आणि फळं पडत असतील तर कोणीतरी वैतागला असेल. तळेपूरची माणसं वैताग मनात ठेवत नाहीत. बाडात एकच नाव ओळीने आठ वर्षं सापडलं: परशुराम परीट, इस्त्रीचं दुकान, पाण्याच्या टाकीमागे. 'झाडाची लाल फळे व पक्ष्यांची घाण वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तरी झाड तोडावे, ही नम्र विनंती.'

परशुरामने इस्त्री बाजूला ठेवली. "आठ वर्षं अर्ज करतोय. आज उजाडलं म्हणायचं. करवत कुठाय?"

"करवत नाही आणली, चाकू आणलाय. कलमाला झाडाच्या काड्या हव्यात," प्रमिला म्हणाली. "आणि झाड तोडू नका. मी पाया पडते."

"अहो, पण माझे पांढरे सदरे?"

"दोरी पलीकडे बांधून देते. आत्ता, मीच."

तिने खरंच दोरी बांधून दिली. परशुराम बघतच राहिला. मग त्याने शिडी आणून दिली आणि जाता जाता सुनावलं, "आठ वर्षांपूर्वी आला असतात तर इतके कागद वाचले असते की."

चाळीसपैकी चौतीस झाडं फुटली.

चौकशीही झाली. प्रमिलाचं प्रमुखपद गेलं, शाल परत मागितली नाही एवढंच. ती साधी माळीण झाली. तिने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. पुढच्या जानेवारीत ती शिडी आणि चाकू घेऊन रस्त्यावर होती, बरोबर एकोणीस माणसं. साल इंग्रजी टी अक्षरासारखी चिरायची, आत डोळा सरकवायचा, वर पट्टी आवळायची. तिच्या जोडीला असायची सिंधू, जुनी माळीण, हाताने चपळ नि तोंडाने त्याहून चपळ. जाणारे-येणारे विचारायचे, आता हे काय नवीन? सिंधू सांगायची, "झाडांची चूक दुरुस्त करतोय." प्रमिला दर वेळी म्हणायची, "झाडांची नाही, माझी."

दत्ताराम मेमध्ये घरी आला होता, कामापुरतंच बोलला आणि जानेवारी लागताच परत गेला. गावाहून पहिला फोन आला तो कलमांच्या पहिल्या वर्षी, मार्चमध्ये.

"किती झाली?" दत्तारामने विचारलं. कसं आहे, काय आहे, काही नाही.

"तीन हजार चाळीस."

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. मग तो रोज संध्याकाळी फोन करून आकडा विचारायला लागला. दुसऱ्या वर्षी आकड्याबरोबर तो बाकीचंही बोलायला लागला. गावात सकाळी तासभर वाजवतो, दम पुरतो, शेजारची म्हैस उठून जाते. प्रमिला हसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण वर्षभरात हसलो नव्हतो.

तिसऱ्या वर्षी घात केला तो निवडणुकीने. ऐन जानेवारीत आचारसंहिता लागली आणि रस्त्यावरचं प्रत्येक काम बंद. एकवीस दिवस प्रमिला चाकू पुसत बसून राहिली. परवानगी मिळाली तेव्हा शेवटची झाडं फुलून आली होती. शहरातल्या बाकीच्या पेट्या शून्याच्या आसपास होत्या, पण स्टेशन रोड आणि एसटी स्टँडच्या भोवती दोनशे बारा नर उरले होते, आणि तिथली पेटी घनमीटरभर हवेत तीनशे दहा कण दाखवत होती. दत्तारामसाठी डॉक्टरणीने आखून दिलेली मर्यादा पन्नास होती.

प्रमिलाने फोनवर बजावलं होतं, अजून येऊ नका. तरी फेब्रुवारीच्या वीस तारखेला दुपारी दत्तारामचा फोन आला. एसटी नाक्यावर आली होती आणि तो एसटीत होता.

ती शिडीवरून उतरली आणि धावत स्टँडवर गेली. एसटी लागली होती. दत्ताराम दारात उभा, एका हातात क्लॅरनेटची पेटी, दुसऱ्या हातात पिशवी, तोंडाला मास्क. तो गोरा झाला होता, अंग भरलं होतं. दोन महिन्यांनी दिसला तो. ती पायरीवर चढून वाट अडवून उभी राहिली.

"उतरू नका."

"तीन वर्षं म्हणाली होतीस. तीन वर्षं झाली, प्रमिला."

"दोनशे बारा झाडं राहिलीत."

"मास्क आहे. घर इथून पाचशे पावलांवर. खिडक्या लावून बसतो."

"तीनशे दहा आहे इथे. डॉक्टरणीने पन्नास सांगितलेत, देवळासमोरचं विसरलात?"

"मग तू चल," दत्ताराम म्हणाला. "तुझी माणसं करतील बाकीचं. ही गाडी चार वाजता परत फिरते. झालं ना आता, किती करशील? माझ्याबरोबर चल."

प्रमिलाला जावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. ती एकसष्टीकडे झुकलेल्या त्या माणसाकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, चार वाजायला पाऊण तास आहे, कपडे नसले तरी चालतील.

तेवढ्यात दत्ताराम खोकला. एकदाच. मग दुसऱ्यांदा, जरा खोल. त्याने तो खोकला दाबायचा प्रयत्न केला आणि ते तिला दिसलं.

"आत चला," ती म्हणाली आणि त्याला हाताने मागे सारत आसनावर बसवलं. मग वाकून तिने त्याची खिडकी बंद केली, पुढची केली, मागची केली. कंडक्टर जवळ आला तशी ती त्याला म्हणाली, "दादा, गाडी फिरेपर्यंत हे दार लावून ठेवता का? यांना दमा आहे." त्याने मान डोलावली.

दत्तारामने पिशवी पुढे केली. "कुळथाचं पीठ आहे. वाळलीस किती."

"रोज करून खाईन."

"प्रमिला," तो म्हणाला, "तुझ्यावर राग नाहीये माझा आता. ते सांगायला आलो होतो. फोनवर सांगता येत नव्हतं."

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, भर एसटीत, सगळ्यांच्या देखत. मग ती खाली उतरली आणि दार आपल्या हाताने ओढून घेतलं.

स्टेशन रोडला सिंधू शिडी धरून उभी होती.

"दादा आले होते ना? मग कुठायत?"

"मी उतरू दिलं नाही."

सिंधूने शिडी आणखी घट्ट धरली. प्रमिलाने पदराने चेहरा कोरडा केला, पिशवी फांदीला अडकवली आणि ती शिडीवर चढली.

"काडी दे," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर अजून तीस झाडं झाली पाहिजेत."